दांडा खाली आहे, पण लाइन मेली का?

मे महिन्याच्या अंकात या सदरात मी पावसाळ्याआधीच्या शटडाऊनवर दोन पानं लिहिली होती. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्मीअधिक एकाच वस्तूबद्दल आहेत: खांबावरचा एबी (एअर ब्रेक) स्विच आणि उपकेंद्रातला आयसोलेटर. दोन्हींचं काम एकच, उच्चदाबाची लाइन तोडून बाजूला करायची. म्हणून या वेळी फक्त तेवढंच. मी या कामात ३४ वर्षं काढली, पहिली नऊ खांबावर आणि बाकीची उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून. पत्रं थोडी आटपून छापली आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सर म्हणाले, आयसोलेटर लोडवर उघडायचा नाही, लोड तोडायचं काम ब्रेकरचं. मग ब्रेकर उघडला की लाइन बंद झालीच ना? पुढे आयसोलेटर हवाच कशाला? वर्गात विचारलं तर मुलं हसली.
*एक विद्यार्थिनी, लातूर*

हसू दे त्यांना. हा प्रश्न मला उपकेंद्रातल्या चौथ्या वर्षापर्यंत पडलाच नव्हता, आणि पडला तेव्हा भुवया जळून झाल्या होत्या.

ब्रेकर लाइन तोडतो हे खरं, पण कुठे तोडतो ते दिसत नाही. ११ केव्हीच्या व्हॅक्यूम ब्रेकरमध्ये दोन कॉन्टॅक्टमधली फट साधारण बोटाच्या जाडीएवढी असते, तीही सीलबंद बाटलीच्या आत. बाहेर ‘ऑफ’ अशी पाटी फिरते, पण ती पाटी यंत्रणेच्या दांडीला जोडलेली असते, कॉन्टॅक्टला नाही. आतली एखादी पिन तुटली तर पाटी ‘ऑफ’ म्हणेल आणि कॉन्टॅक्ट चिकटलेलेच राहतील. माणसाला लाइनवर चढवायचं तर पाटीवर विश्वास टाकून भागत नाही. आयसोलेटर उघड्या हवेत असतो. पातं जबड्यातून बाहेर आलं की नाही, हे खाली उभं राहून डोळ्यांनी बघता येतं. त्याची सगळी किंमत त्या दिसणाऱ्या फटीत आहे.

आता तो लोडवर का उघडायचा नाही. हवा सेंटीमीटरला साधारण ३० हजार व्होल्ट सोसते असं पुस्तकात वाचलं असशील. ते गार, स्वच्छ हवेचं गणित. करंट वाहत असताना पातं जबड्यापासून सुटलं की तिथे आर्क पेटतो, त्याच्या भोवतालची हवा तापून स्वतःच वाहक होते आणि मग सेंटीमीटरचा हिशोब संपला. पातं जितकं लांब जाईल तितका आर्क ताणत जातो. वाऱ्यानं वाकला आणि शेजारच्या फेजला लागला की स्फोट. ब्रेकरमध्ये आर्क विझवायची सोय आहे. आयसोलेटरमध्ये काही नाही, नुसतं पातं आणि जबडा.

भुवयांची गोष्ट सांगतो. रात्रपाळी होती. फोनवर पलीकडून एक नवे साहेब म्हणाले, “दोन नंबरचा ब्रेकर बंद आहे.” मी म्हटलं बरं, आणि यार्डात जाऊन ३३ केव्हीचा आयसोलेटर ओढला. साहेब शिकले इंग्रजीत. तिथे ब्रेकर ‘क्लोज’ म्हणजे चालू, आणि त्यांनी ‘क्लोज’चं मराठी ‘बंद’ केलं होतं. आमच्या भाषेत बंद म्हणजे बंद! पॅनेलवरचा हिरवा दिवा महिनाभर गेलेला होता, तांबडा इतका मिणमिणता की असून नसल्यासारखा. इंटरलॉक, म्हणजे ब्रेकर ऑन असताना आयसोलेटरचा दांडा हलू न देणारी अडसर, कुणीतरी ‘त्रास देतो’ म्हणून बोल्ट मारून निकामी केलेला. पातं वीतभर सरकलं आणि यार्डात दिवस उजाडला. सुताराचा रंधा फरशीवर घासावा तसा आवाज, पण शंभरपट. नशिबानं पलीकडचा ब्रेकर ट्रिप झाला. वेल्डरला होतं तसं दोन दिवस डोळ्यांत वाळू गेल्यागत टोचत होतं. चूक फोनची म्हणता येईल, पण ॲमीटर माझ्या डोक्यावरच होता आणि त्यात ६० अँपियर स्वच्छ दिसत होते. मी वर बघितलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या पाळीत ‘बंद’ हा शब्द बंद झाला. ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ एवढंच बोलायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. तूही हीच सवय लाव.

क्रम असा: आधी ब्रेकर ऑफ, मग ॲमीटर शून्यावर आल्याची खात्री, मग आयसोलेटर, मग त्याला कुलूप, मग टेस्टरनं तपासणी, शेवटी अर्थ स्विच, म्हणजे मेलेली लाइन जमिनीला जोडणारा स्विच. परत चालू करताना बरोबर उलट, अर्थ स्विच आधी निघाला पाहिजे. चांगल्या जोडणीत आयसोलेटर ऑन असताना अर्थ स्विचचा दांडा हलतच नाही. हलला तर तो दुरुस्त होईपर्यंत तिथे काम करू नकोस.

प्रश्न : आमच्या डीपीचा फ्यूज गेला की वायरमन यायला दोन-दोन दिवस लागतात. त्याच्याकडे सहा गावं आहेत, त्याचाही दोष नाही. पिकं जळायला लागली की गावातला एक पोरगा एबी स्विचचा दांडा ओढतो आणि वर चढून तार बांधतो. आजवर काही झालेलं नाही. मीही ते शिकून घेऊ का? पाच-सहा अँपियरची तर लाइन आहे म्हणतात.
*एक शेतकरी, माण तालुका*

नका शिकू, आणि त्या पोरालाही थांबवा. एवढं एक वाक्य लिहून तुम्हाला वाटेला लावणं बरोबर नाही, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

पाच-सहा अँपियर हे बरोबर ऐकलंत. १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ११ केव्हीवर पूर्ण भरला तरी सव्वापाच अँपियरच घेतो. पण माणूस मरायला अँपियरचा दहावा भागही पुरतो. आणि ११ हजार व्होल्टला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेला तरी ती उडी मारते.

दांडा ओढला तेव्हा मोटारी चालू होत्या की नव्हत्या, हे त्या पोराला कळायला मार्ग नाही. तुमच्याकडे ऑटो स्विच लावलेले असतील. म्हणजे लाइट आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात. तो लोडवर स्विच ओढतोय, फक्त आजवर आर्क लहान निघालाय.

आता दांडा ओढून झाला असं धरा. वरती काय मेलं? स्विचच्या पुढचं मेलं. स्विचचा अलीकडचा जबडा, त्याला येणारा जंपर (जोडतार), लाइनची तार, हे सगळं जिवंत आहे, आणि ते त्याच खांबांवर त्याच्या डोक्याच्या वर हात-दीड हातावर आहे. ‘स्विच ओढलाय’ म्हणून बिनधास्त चढलेला माणूस बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मी खांबावर होतो तेव्हा आमच्या गँगमध्ये एक तात्या होते. शाळा चौथीपर्यंत. दांडा ओढून कुलूप घातलं की ते लगेच कुणाला चढू देत नसत. डीपीपासून चार पावलं मागे यायचे, टोपी मागे सारायची, मान वर करायची आणि मोठ्यानं मोजायचे, “एक. दोन. तीन.” तीन फेजच्या तीन फटी. आम्ही पोरं त्यांची नक्कल करून हसायचो. एकदा पावसाळ्यात संध्याकाळी ते “एक, दोन” म्हणाले आणि थांबले. बॅटरी मागितली. मधलं पातं जबड्यातच होतं. फिरत्या इन्सुलेटरखालचा बोल्ट ढिला होऊन घसरला होता, त्यामुळे पाइप फिरला, दोन पाती फिरली, मधलं जागचं हललं नाही. दांडा पूर्ण खाली, कुलूप लावलेलं, हातात परमिट, आणि एक फेज जिवंत. वर चढायला कंबरपट्टा बांधून मी उभा होतो.

म्हणून दांड्याच्या जागेवरून काहीही ठरवायचं नसतं. कुठे दांडा खाली म्हणजे ऑफ, कुठे जोडणाऱ्यानं उलटं जोडलेलं. वर बघायचं.

बरं, तिन्ही फटी दिसल्या तरी गोष्ट संपत नाही. खालच्या बाजूनं करंट उलटा वर येऊ शकतो. कुणाच्या तरी वस्तीवर जनरेटर चालू असतो, चेंजओव्हर स्विच न बसवता सरळ बोर्डात घुसवलेला. तो २३० व्होल्ट तारेवर टाकतो आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर उलटा चालून वरच्या बाजूला हजारो व्होल्ट तयार करतो. याला आमच्यात ‘रिटर्न’ म्हणतात. यावर उपाय एकच: ट्रान्सफॉर्मरच्या लघुदाबाकडचे फ्यूज काढायचे, टेस्टर लावायचा, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग अडकवायचं. अर्थिंगची साखळी, टेस्टर, हातमोजे यातलं काहीच त्या पोराकडे नाही. त्याच्याकडे पक्कड आहे.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. तक्रार १९१२ वर नोंदवा आणि नोंदणीचा नंबर लिहून ठेवा. नुसतं वायरमनला फोन करून भागत नाही, कारण नोंद नसेल तर सहा गावांना एकच माणूस आहे हे कागदावर कुठेच दिसत नाही. फ्यूज वारंवार जात असेल तर डीपीवर लोड जास्त आहे. तारेवर चोरून टाकलेले आकडे किती आहेत ते गावानं आपसात बघावं, ते मी इथून सांगायची गरज नाही. डीपीभोवतीचा घाणेरीचा पाला साफ ठेवा, पण खांबावर चढलेला वेल हातानं ओढू नका. ताणाच्या तारेला जनावर बांधू नका. आणि दांड्याला कुणी सायकलची ट्यूब गुंडाळली असेल तर ती सुरक्षा समजू नका. काळ्या रबरात काजळी असते, ती किती व्होल्ट अडवेल याची कुठलीही चाचणी झालेली नसते.

प्रश्न : मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी ११ केव्हीच्या जोडणीचं काम घेतलं आहे. परवाना आहे, पण एबी स्विच पहिल्यांदाच बसवतोय. नकाशाप्रमाणे बसवूच, पण नकाशात नसतं असं काही सांगा.
*एक विद्युत ठेकेदार, तासगाव*

विचारलंत हे उत्तम केलंत. नकाशात बहुधा नसतं ते हे.

येणारी लाइन कुठल्या बाजूला जोडायची? जबड्याच्या, म्हणजे न हलणाऱ्या बाजूला. पात्याकडून लोड न्यायचा. मग स्विच उघडला की लोंबणारी तिन्ही पाती मेलेली असतात. उलटं जोडलंत तर उघडी पाती जिवंत राहतात आणि हवेत पुढे आलेली असतात. डीओ (ड्रॉप आउट) फ्यूजला, म्हणजे उडाला की ज्याची नळी खाली पडते त्या फ्यूजलाही, हाच नियम, सप्लाय वरच्या टोकाला. नळी पडली की ती मेलेली पडली पाहिजे. मी असे डीपी पाहिले आहेत जिथे जंपर सोयीचा पडतो म्हणून उलटं जोडलं होतं. पंधरा मिनिटं वाचली, पुढची वीस वर्षं प्रत्येक वायरमनच्या डोक्यावर टांगती तलवार.

पाती उघडल्यावर आपल्या वजनानं उघडीच राहिली पाहिजेत. दांड्याचं कुलूप काढलं आणि वाऱ्यानं पातं परत जबड्याकडे झुकलं, असं होता कामा नये. जोडणी झाल्यावर लाइन येण्याआधी दहा-वीस वेळा ऑन-ऑफ करून बघा, एक माणूस वर, एक खाली. वरच्यानं बघायचं की तिन्ही पाती एकाच वेळी जबड्याला लागतात का आणि पूर्ण खोल बसतात का. एक आधी आणि एक नंतर लागत असेल तर पाइपवरचा क्लॅम्प सरकवून जुळवा आणि मग तो बोल्ट असा आवळा की पावसाळ्यात घसरणार नाही. वर तात्यांची गोष्ट लिहिली आहे ती याच बोल्टाची. शक्य असेल तिथे पाइपला आरपार पिन मारून घ्या.

दांडा आणि पाइप यांचं अर्थिंग वेगळ्या जाड पट्टीनं, रंग खरवडून. काही जण विचारतात, लोखंडी दांडा जमिनीला जोडला तर उलट धोका वाढत नाही का? नाही. वरचा इन्सुलेटर तडकला तर लाइन पाइपातून खाली येणारच. तिला पट्टीची वाट मिळाली तर फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी लाइन, ट्रिप होतो. वाट नसेल तर ती दांडा धरणाऱ्याची वाट बघत बसते. त्याहून चांगलं म्हणजे उभं राहायच्या जागी लोखंडी जाळी पुरून ती दांड्याला जोडायची, म्हणजे हात आणि पाय एकाच दाबावर राहतात. खर्च फार नाही, पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही.

ॲल्युमिनियमची तार आणि तांब्याचा टर्मिनल थेट जोडू नका, बायमेटल क्लॅम्पच घ्या. दांडा दोन्ही जागी कुलूप लागेल असा हवा. आवारात ट्रक येतात, तेव्हा तारेची उंची ट्रकवरच्या मालासकट मोजा: रस्ता ओलांडणाऱ्या ११ केव्हीच्या तारेला नियमानं किमान ६.१ मीटर लागतात, आणि इमारतीपासून बाजूला १.२ मीटर. मालक पुढच्या वर्षी शेड वाढवणार का, हे आजच विचारा, कारण शेड वाढते आणि तार तिथेच राहते. चार्ज करण्याआधी विद्युत निरीक्षकाची परवानगी लागते हे तुम्हाला माहीतच असेल. मालकाला घाई झालेली असते, म्हणून आठवण.

प्रश्न : आमच्या सूतगिरणीच्या यार्डात ३३ केव्हीचा आयसोलेटर आहे. एका फेजचा जबडा काळपट पडला आहे आणि पावसाची भुरभुर सुरू झाली की तिथून वाफ निघताना दिसते. व्यवस्थापन वर्षातून एकाच रविवारी चार तास शटडाऊन देतं. तेवढ्यात काय काय करू? पॉलिश पेपरनं घासलं तर चालेल का?
*मेंटेनन्स फोरमन, इचलकरंजी परिसर*

तुमचे डोळे चांगले आहेत. थर्मल कॅमेरा येण्याआधी आम्ही हेच करायचो, भुरभुरीत वाफ बघायची आणि अमावास्येच्या रात्री लाल ठिपका शोधायचा. कॅमेरा भाड्यानं मिळतो, तो लोड भरपूर असताना वापरा आणि तिन्ही फेज शेजारी ठेवून बघा. एकटा आकडा फारसं सांगत नाही, शेजाऱ्यापेक्षा कोण किती गरम, यावरून कळतं.

वाफ निघते म्हणजे रविवारची वाट बघायची नाही. व्यवस्थापनाला हे गणित दाखवा. समजा २०० अँपियर जातायत आणि जोड चांगला आहे, ५० मायक्रोओहम. तिथे दोन वॉट उष्णता तयार होते, एखाद्या छोट्या एलईडी दिव्याएवढी. तोच जोड बिघडून पाच मिलिओहम झाला तर २०० वॉट, बोटाएवढ्या जागेत. उष्णतेनं स्प्रिंग मऊ पडते, स्प्रिंग मऊ पडली की दाब कमी, दाब कमी की उष्णता आणखी. हे चक्र आपोआप थांबत नाही. थांबतं तेव्हा पातं जबड्याला वेल्ड झालेलं असतं, आणि मग ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी आयसोलेटर उघडणार नाही.

पॉलिश पेपर नको. कॉन्टॅक्टवर चांदीचा मुलामा असतो, तो अगदी पातळ असतो. घासून तुम्ही तोच काढाल आणि खालचं तांबं उघडं पडेल. चांदीचा काळेपणा त्रास देत नाही, बहुतेक वेळा स्वच्छ कापड आणि क्लीनर पुरतो. पण खड्डे पडले असतील, कडा वितळल्या असतील, तर जबडा आणि स्प्रिंग दोन्ही बदला. म्हणजे सुटे भाग आधी मागवून ठेवा, रविवारी सकाळी शोधत बसू नका.

चार तासांतला पहिला अर्धा तास कामाचा नाही, तो लाइन मारण्याचा आहे. ब्रेकर ऑफ, आयसोलेटर ऑफ, फटी मोजा, कुलूप. किल्ली कामावरच्या माणसाच्या खिशात, ऑफिसातल्या खिळ्यावर नव्हे. येणाऱ्या लाइनच्या बाजूला हात लावायचा असेल तर वीज कंपनीकडून लेखी परमिट घ्या. फक्त तुमचा ब्रेकर पाडून जबड्याची वरची बाजू मरत नाही, हे दरवर्षी कुणीतरी विसरतो. टेस्टर आधी जिवंत लाइनजवळ नेऊन वाजतो का बघा, मग मेलेल्या लाइनला लावा, मग पुन्हा जिवंतकडे. मधल्या वेळात त्याचा सेल गेला तर गप्प टेस्टर आणि मेलेली लाइन सारखेच दिसतात. अर्थिंग लावताना जमिनीकडचं टोक आधी, तारेकडचं नंतर, काढताना उलट. कपॅसिटर बँक असेल तर ऑफ केल्यावर दहा मिनिटं तिच्याकडे जायचंही नाही, आणि नंतरही शॉर्ट करूनच हात लावायचा.

मग काम: इन्सुलेटर पुसून तडे बघा, ५ केव्हीचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मारा, बेअरिंगला ग्रीस, बोल्ट टॉर्क पान्यानं. जुळवणी झाल्यावर मायक्रोओहम मीटरनं तिन्ही फेज मोजा आणि आकडे वहीत लिहा. वही महत्त्वाची, पुढच्या वर्षी ती बोलते. शेवटची दहा मिनिटं इंटरलॉकसाठी राखून ठेवा: अर्थिंग काढा, आयसोलेटरच्या अलीकडे-पलीकडे काहीही चार्ज नसताना ब्रेकर ऑन करा आणि आयसोलेटरचा दांडा हलवायचा प्रयत्न करा. हलता कामा नये. कुणी बोल्ट मारून ठेवलेला सापडला तर माझ्या वतीनं दोन शिव्या घाला.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मर खोलीत जागा रिकामी असते. तिथे गणपतीच्या सजावटीचं सामान आणि जुन्या सायकली ठेवल्या तर हरकत आहे का? दार कुलूपबंद असतं.
*सोसायटीच्या सचिव, पुणे*

हरकत आहे. ती जागा रिकामी नाही, ती पळायची वाट आहे. स्विच उडाला तर आत असलेल्या माणसाला एका उडीत बाहेर पडता आलं पाहिजे, थर्माकोलच्या मखरावरून नव्हे. दार बाहेरच्या बाजूला उघडतं ना, तेही बघून घ्या. खाली रबरी मॅट असेल तर तिच्यावर आयएस १५६५२ छापलेलं आहे का बघा, नसेल तर ती पायपुसणी आहे.

प्रश्न : माझे यजमान लाइनवर काम करतात. तौक्ते वादळात तीन आठवडे घरी नव्हते. रबरी हातमोजे मिळालेत पण घामानं हात ओले होतात म्हणून घालत नाहीत, गाडीच्या डिकीत पडून असतात. मी काय बघू? कामातलं मला काही कळत नाही.
*राजापूर तालुका*

ताई, तुम्हाला कळतं त्यापेक्षा जास्त बघता येईल.

डिकीतून हातमोजे काढून घ्या. डिकीत ऊन, पेट्रोलची वाफ आणि पान्यांची टोकं, रबराला या तिन्ही गोष्टी चालत नाहीत. घरात सावलीत, घडी न घालता, पावडर मारून ठेवा. मनगटाच्या बाजूनं गुंडाळत आणा, म्हणजे आतली हवा बोटांत कोंडते आणि फुगा होतो. तो गालाजवळ धरा. बारीक फुंकर जाणवली तर तो मोजा संपला, टाचणीएवढं भोक पुरतं. मनगटावर क्लास लिहिलेला असतो: क्लास २ हा १७ हजार व्होल्टपर्यंतचा, क्लास ३ हा साडेसव्वीस हजारांपर्यंतचा. त्यांच्या भागात लाइन ११ ची आहे की २२ ची, ते विचारून जुळतं का बघा. क्लास शून्य असेल तर तो घरगुती दाबाचा आहे, त्याच्या भरवशावर वरच्या लाइनजवळ जाणं चुकीचं. शेवटची चाचणी कधी झाली तेही विचारा. सहा महिन्यांच्या वर गेली असेल तर ऑफिसात बदलून मागायला सांगा. आतून घालायला पातळ सुती मोजे शिवून द्या, घामाचा त्रास निम्मा होतो. माझ्या घरी जुन्या धोतराचे शिवलेले होते.

पण मोज्यांवर भिस्त ठेवून चालू लाइनला हात घालायचा नसतो, हे त्यांना माहीत आहे. मोजे हे शेवटचं कवच. त्याआधी फट, टेस्टर, अर्थिंग. रात्री जेवताना “आज काम कसं झालं” असं विचारू नका, “बरं झालं” एवढंच उत्तर येतं. “आज अर्थिंग दोन्ही बाजूंना लावलं होतं का, साखळी कुणी धरली होती?” असं विचारा. पहिले चार दिवस चिडतील. माझी बायको अठरा वर्षं विचारत होती, आणि दोन वेळा मी खांबावरून उतरून साखळी लावून आलो, केवळ रात्री खोटं बोलायला नको म्हणून.

एक दुरुस्ती : मे अंकात मी लिहिलं होतं की आयसोलेटरच्या कॉन्टॅक्टला ‘भरपूर’ ग्रीस लावावं. चंद्रपूरच्या एका वाचकानं कळवलं की त्यांच्याकडे कोळशाची धूळ इतकी उडते की भरपूर ग्रीसवर ती थापली जाते आणि दोन महिन्यांत जबड्यात काळा खर तयार होतो. त्यांचं बरोबर आहे, माझा शब्द चुकला. कॉन्टॅक्टला लावायचं ते उत्पादकानं सांगितलेलंच ग्रीस, आणि बोटानं पुसून घेतल्यावर जेवढं राहतं तेवढंच.